वाचकांचे प्रश्न : ट्रान्झिस्टरची जोडी कुठे जुळवावी आणि कशी?

प्रश्न : मी घरी बांधलेल्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रत्येक चॅनेलला २एससी५२०० (एनपीएन) आणि २एसए१९४३ (पीएनपी) या ट्रान्झिस्टरच्या दोन-दोन जोड्या आहेत. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन, चार पैसे जास्त मोजून, ‘मॅच्ड पेअर’ म्हणूनच त्या आणल्या. मल्टिमीटरवर दोन्ही एनपीएन ट्रान्झिस्टरचा गेन (प्रवाह किती पट वाढतो तो आकडा) जवळजवळ सारखाच दिसला होता. तरीही एकाच हीटसिंकवर त्यांतला एक दुसऱ्यापेक्षा बराच जास्त तापतो. जोडी जुळलेली नाही का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दुकानात ‘मॅच्ड पेअर’ म्हणून जे मिळते, ते बहुधा एक एनपीएन आणि एक पीएनपी असे, म्हणजे उलट दिशांनी प्रवाह वाहणाऱ्या दोन प्रकारांचे, पूरक जोडपे असते. या दोघांचा गेन तंतोतंत सारखा असण्याची आपल्या सर्किटला फारशी गरज नसते, कारण त्यांच्यातला फरक फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा अंश इनपुटला परत देण्याची योजना, बऱ्याच अंशी सावरून घेते. जुळायला हवेत ते समांतर जोडलेले दोन एनपीएन एकमेकांशी आणि दोन पीएनपी एकमेकांशी. आणि तिथेही गेनपेक्षा बेस आणि एमिटर या ट्रान्झिस्टरच्या दोन टोकांमधील व्होल्टेज अधिक महत्त्वाचे. मल्टिमीटर गेन मोजतो तो एखाद-दुसऱ्या मिलिअँपिअरवर, तर आपला ट्रान्झिस्टर काम करतो पन्नास मिलिअँपिअरपासून कित्येक अँपिअरपर्यंत. त्यामुळे त्या आकड्यावर विसंबू नये.

समजा, आपले एमिटर रेझिस्टन्स (प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या एमिटरला जोडलेले) ०.२२ ओहमचे आहेत, शांत अवस्थेतला प्रवाह प्रत्येकी ५० मिलिअँपिअर ठेवला आहे आणि दोन ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर व्होल्टेजमध्ये १५ मिलिव्होल्टचा फरक आहे. अशा वेळी एकातून सुमारे ४०, तर दुसऱ्यातून ६० मिलिअँपिअर वाहतील. मात्र आवाज वाढवून प्रत्येकातून दोन अँपिअर वाहू लागले, की हाच फरक जेमतेम तीन टक्क्यांवर येतो, कारण तिथे वाटणीचे काम एमिटर रेझिस्टन्स करतो. म्हणून हा रेझिस्टन्स वाचवण्याचा मोह कोणीही धरू नये.

तेव्हा ट्रान्झिस्टर काढण्याआधी, इनपुट बंद ठेवून प्रत्येक एमिटर रेझिस्टन्सवरचे मिलिव्होल्ट मोजा. दोन्हींवर सारखेच मिलिव्होल्ट असतील आणि तरीही एक जास्त तापत असेल, तर दोष जुळणीचा नसून बसवणीचा आहे : अभ्रकाची चकती चिरलेली असेल, उष्णता वाहून नेणारे कंपाउंड कमी पडले असेल किंवा हीटसिंकच्या भोकाची कड साफ केलेली नसेल. मिलिव्होल्टमध्ये दुप्पट-तिप्पट फरक असेल, तर त्या दोघांच्या जागांची अदलाबदल करून पाहा. दोष ट्रान्झिस्टरबरोबर हलला, तर तो ट्रान्झिस्टर संशयास्पद आहे.

संशयास्पद म्हणण्याचे कारण असे, की या दोन नंबरांची नक्कल मोठ्या प्रमाणावर होते. बाहेरचे काळे आवरण आणि छपाई हुबेहूब असते, आत मात्र लहान ट्रान्झिस्टरची चिप बसवलेली असते. ती १५ अँपिअर आणि १५० वॉट कुठून पेलणार? आवरण न फोडता करता येण्याजोगी एक चाचणी आहे. एमिटर मोकळा ठेवून बेस आणि कलेक्टर यांमधील कपॅसिटन्स मोजा. तोशिबाच्या माहितीपत्रकात १० व्होल्टवर २एससी५२००साठी २०० पिकोफॅरड आणि २एसए१९४३साठी ३६० पिकोफॅरड हे नमुना आकडे दिलेले आहेत. मीटरवर मोजताना तेवढे व्होल्टेज नसल्यामुळे अस्सल ट्रान्झिस्टर याहून जास्तच दाखवतो. म्हणून आकडा याच्या खाली आला, तर तो ट्रान्झिस्टर वापरू नका. नवे घेताना अधिकृत वितरकाकडून, पक्क्या बिलावर आणि एकाच लॉटचे घ्या. टीटीसी५२०० आणि टीटीए१९४३ हे तोशिबाचेच नंतरचे नंबरही चालतील. नंबरापुढचे अक्षरही पाहा : आर गटाचा गेन ५५ ते ११०, तर ओ गटाचा ८० ते १६० असतो, आणि एकाच बाजूला दोन्ही गट मिसळू नयेत.

जुळवणीची रीत सोपी आहे. बेस आणि कलेक्टर एकत्र जोडून, १२ व्होल्टच्या स्थिर सप्लायवरून १०० ओहम, ५ वॉटच्या रेझिस्टन्समधून साधारण ११० मिलिअँपिअर सोडा आणि बेस-एमिटर व्होल्टेज नोंदवा. दहा नग मोजले, तर पाच मिलिव्होल्टच्या आत बसणारे दोन-तीन बहुधा सापडतात.

खरा चोखंदळपणा दाखवावा तो इनपुटच्या जोडीत, म्हणजे आत येणारा सिग्नल सर्वांत आधी घेणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरमध्ये, आणि नेमके तिकडेच आपल्याकडे दुर्लक्ष होते. तिथे एक मिलिव्होल्टचा फरक म्हणजे प्रवाहात जवळजवळ चार टक्क्यांचा फरक. त्यातून आउटपुटवर डीसी येतो आणि विकृतीही वाढते. बीसी५५६सारखे ट्रान्झिस्टर स्वस्त असल्याने पंचवीस नग आणायला हरकत नाही. वरच्याच रीतीने, पण १० किलोओहमचा रेझिस्टन्स घेऊन, आणि पीएनपी असल्यामुळे सप्लायची टोके उलटी करून, दोन नग शेजारी-शेजारी जोडा आणि त्यांच्या व्होल्टेजमधला फरकच थेट मोजा. नग चिमट्याने धरा आणि दोन-तीन मिनिटे थांबा, कारण तापमान एक अंशाने वाढले, की व्होल्टेज दोन मिलिव्होल्टने उतरते आणि बोटाची ऊब जुळलेली जोडीही विजोड दाखवते. निवडलेली जोडी सपाट बाजूंनी एकमेकांना चिकटवून वर श्रिंक ट्यूब चढवा.

प्रश्न : वडिलांनी १९७०च्या दशकात बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधील एक २एन३०५५ जळाला. फक्त तेवढाच बदलला तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : एकाच चॅनेलचे दोन्ही बदलावेत. जुने २एन३०५५ संथ बनावटीचे होते. आज मिळणारे त्यांच्यापेक्षा कितीतरी वेगवान असतात, त्यामुळे नंबर एकच असला तरी जुना-नवा यांची जोडी जुळत नाही. शिवाय जुन्या सर्किटमध्ये नवे ट्रान्झिस्टर बसवल्यावर, कानाला ऐकू न येणारे कंपन सुरू होऊन ते विनाकारण तापू शकतात. शक्य असल्यास ऑसिलोस्कोपवर पाहून घ्यावे. काढलेला जुना चांगला नग टाकून देऊ नका. दुसऱ्या चॅनेलमधला कधी गेला, तर त्याच्या जोडीला तोच उपयोगी पडेल. सप्लाय पहिल्यांदा चालू करताना ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावा आणि स्पीकर जोडू नका. बल्ब क्षणभर उजळून मंदावला आणि आउटपुट कपॅसिटरच्या अलीकडे सप्लायच्या निम्मे व्होल्टेज मिळाले, तरच बल्ब काढावा.