बीसीए, बीबीए (सीए) आणि दूध डेअरीचं रजिस्टर

बारावीचा निकाल लागला की पत्रांचा ढीग येतो. त्यातली निम्मी ‘शेजारचा दादा म्हणाला’ अशी सुरू होतात. दादाला बाजूला ठेवून उत्तरं देतो.

प्रश्न : मुलगी कॉमर्सची, बारावीला गणित नव्हतं. कॉम्प्युटरकडे जाता येईल का? बीसीए, बीबीए (सीए) आणि बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स यांत फरक काय?

येईल. पुणे विद्यापीठाचा बीबीए (सीए), म्हणजे कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन, वाणिज्य शाखेत येतो. पूर्वी तोच बीसीए (कॉमर्स) म्हणून ओळखला जायचा. त्यात अकाउंट्स, मॅनेजमेंट आणि जोडीला प्रोग्रॅमिंग, डेटाबेस असतं. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला विज्ञान आणि गणित लागतं, तो रस्ता तिचा नाही. बीसीएची पात्रता विद्यापीठागणिक बदलते. यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा आणि कॉलेजच्या प्रवेश समितीला भेटा.

प्रश्न : बीसीएची प्रवेश परीक्षा (सीईटी) दिलेली नाही. एक कॉलेज म्हणतं, ‘डायरेक्ट अ‍ॅडमिशन देतो, आज पैसे भरा.’ भरू का?

आज नको. 2024-25 पासून बीसीए, बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आले आणि राज्य सीईटी कक्षाने त्यांची प्रवेश परीक्षा सुरू केली. अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरायचा असतो, पण पालकांना जाग येते ती निकालानंतर. त्या पहिल्या वर्षी जादा सीईटी झाली, म्हणून दर वर्षी होईल या भरवशावर राहू नका. काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदललं; बीएमएसचं बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) झालं. विद्यापीठाची मान्यता असेल तर त्यात गैर काही नाही. मात्र पदवीवर नेमकं कोणतं नाव छापून येणार आणि मान्यता कोणाची, हे लेखी मागा. लेखी देत नसतील तर विद्यापीठात चौकशी केल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

प्रश्न : प्रवेश रद्द केला, पण कॉलेज मूळ गुणपत्रिका देत नाही.

ठेवून घेता येत नाही. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2018 च्या अधिसूचनेत तसं स्पष्ट म्हटलं आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि नाहीच ऐकलं तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा.

प्रश्न : लॅपटॉप आधी घ्यावा का?

पहिलं सेमिस्टर लॅबवर निघतं. थांबा.

प्रश्न : तिसऱ्या वर्षाला ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम’ हा प्रोजेक्ट आहे. एक जण कोड, रिपोर्ट, बाइंडिंगसकट पाच हजारांत देतो. सगळेच घेतात. घेऊ का?

नाही. आता जरा बसा.

बाहेरचा परीक्षक म्हणून मी दोन कॉलेजांत गेलो, तर दोन्हीकडच्या प्रोजेक्टांत पेशंटचं स्पेलिंग एकाच टेबलात, एकाच जागी चुकलेलं! एकाला विचारलं, पेशंट डिस्चार्ज न घेता निघून गेला तर खाट रिकामी कधी दाखवणार? तो पंख्याकडे बघत बसला. बिचारा हॉस्पिटलात गेलाच नव्हता, गेला होता दुकानात.

त्यापेक्षा गावातल्या दूध संकलन केंद्रावर एक सकाळ उभे राहा. कॅन येतो, लिटर मोजतात, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) काढतात, दरपत्रकात दर बघतात. गाईचं पत्रक वेगळं, म्हशीचं वेगळं. दहा दिवसांनी बिल निघतं आणि त्यातून पशुखाद्याची उचल कापली जाते. सोपं वाटतं ना? आता सांगा, पाच तारखेला दर बदलला तर चार तारखेच्या दुधाचं काय? दर एकाच रकान्यात ठेवून बदललात की मागची सगळी बिलं बिघडली. दराला ‘या तारखेपासून’ ही तारीख चिकटवावीच लागते. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा दुकानांच्या सॉफ्टवेअरपुढे हाच पेच होता. नव्या बिलाला नवा कर, पण जुनी बिलं जुन्याच कराने दिसायला हवीत.

आणखी एक. वीज गेली, नोंद वहीत झाली, संध्याकाळी संगणकात भरली. तारीख कोणती धरणार? लिटर चुकीचे पडले तर नोंद पुसणार? हिशेबनीस पुसत नाही, उलट नोंद टाकतो. हे अकाउंट्सच्या तासाला शिकवतात, आणि त्याच तासाला तुम्ही मागच्या बाकावर जावा प्रोग्रॅमिंगचे व्हिडिओ बघता. अभ्यासक्रमात व्यवसायाचे विषय उगाच घातलेले नाहीत हो.

विषय बदलण्याआधी गाईडशी बोला आणि केंद्राच्या सचिवांची परवानगी घ्या. उत्पादकांची खरी नावं प्रोजेक्टात घालू नका. काम अर्धवट राहिलं तरी चालेल; तोंडी परीक्षेत ते का राहिलं एवढं तरी सांगता येईल.

प्रश्न : ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाला क्लास लावू का?

फॉर्मवरची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याचदा तिथे नोकरी नसते, ‘मुलाखतीची संधी’ असते. कर्ज काढण्याआधी तिथून शिकून गेलेल्या दोघा-तिघांना तुम्ही स्वतः शोधून भेटा. क्लासने गाठ घालून दिलेले चालणार नाहीत.

प्रश्न : बीकॉमनंतर एमसीए (कॉम्प्युटरची पदव्युत्तर पदवी) होतं का?

होतं. आता ते दोन वर्षांचं आहे. गणिताची पार्श्वभूमी नसेल तर ब्रिज कोर्स, म्हणजे ती उणीव भरून काढणारा जादा अभ्यासक्रम, करावा लागतो. त्या वर्षीचे सीईटीचे नियम मात्र बघा.

प्रश्न : मुलगा पहिल्या वर्षाला आहे. तीन वर्षांनी बाहेर पडावं की चौथं करून ऑनर्स घ्यावं?

पाचव्या सेमिस्टरचे गुण घेऊन त्याच्या विभागप्रमुखांना भेटा. तोवर त्याला डीबीएमएसचे (डेटाबेसच्या विषयाचे) बॅकलॉग राहू देऊ नका.