इंग्लंडच्या राजांवर एम.ए. करायचंय, पण बाबा म्हणतात एमपीएससी दे

तुझं पत्र वाचलं. बी.ए. हिस्टरीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, मध्ययुगीन इंग्लंडच्या राजांचं वेड लागलंय, त्यातच एम.ए. आणि पुढे रिसर्च करायचाय, आणि बाबा विचारतात या राजांवर पोट कसं भरणार. बाबांची काळजी खरी आहे हे आधीच सांगते, या विषयात पर्मनंट नोकऱ्या तिकडेसुद्धा थोड्या आणि आपल्याकडे तर फारच कमी. पण तू लढायांबद्दल काहीच विचारलं नाहीस, तू विचारलंस की मटिल्डासाठी शपथ घेतलेल्या सरदारांनी स्टीफनला राजा कसं मानलं, आणि मला ते फार आवडलं.

बघ ना, इंग्लंडचा राजा पहिल्या हेन्रीचा एकुलता एक औरस मुलगा 1120 मध्ये जहाज बुडून गेला, मग आपल्यामागे मुलगी मटिल्डालाच गादी मिळावी म्हणून त्याने सरदारांकडून शपथा घेतल्या, आणि 1135 च्या डिसेंबरात तो वारला तेव्हा मटिल्डा समुद्रापलीकडे, तर भाचा स्टीफन धावत लंडनला, तिथून विंचेस्टरचा खजिना ताब्यात (तिथला बिशप त्याचा सख्खा भाऊच) आणि 22 डिसेंबरला राज्याभिषेक उरकूनही मोकळा! एकदा अभिषेक झाला की राजाला हलवणं कठीण. पुढे मटिल्डाशी यादवी पेटली, 1141 मध्ये लिंकनच्या लढाईत स्टीफन कैद झाला तरी मटिल्डाला मुकुट मिळाला नाहीच, लंडनकरांनी तिलाच पळवून लावलं. शेवटी 1153 चा तह, स्टीफन मरेपर्यंत राजा आणि त्याच्यामागे मटिल्डाचा मुलगा हेन्री.

इथपर्यंत गोष्ट झाली, रिसर्च याच्या पुढे आहे. या दुसऱ्या हेन्रीच्या खजिन्याचे वर्षावर्षाचे हिशोब शिल्लक आहेत, पाइप रोल्स म्हणतात त्यांना, लॅटिनमध्ये, कातड्यावर लिहिलेले. सुरुवातीच्या वर्षांत जागोजागी जमीन उजाड म्हणून कर सोडलेला दिसतो. आता ती गावं खरंच यादवीत उद्ध्वस्त झाली होती, की नव्या राजाच्या माणसांना तिथे वसुलीच जमत नव्हती? यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. असल्या कोरड्या आकड्यांत तुला तास न् तास बसवेल का, ते आधी करून बघ, कारण रोजचं काम हेच असणार, मुकुट आणि तलवारी त्यात क्वचितच.

म्हणून लॅटिन आत्ताच सुरू कर, एम.ए. ची वाट बघू नकोस. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर मध्ययुगीन लॅटिनचे आणि जुनी अक्षरं वाचायचे धडे फुकट आहेत. आणि तू पुण्यात आहेस तर मोडी शीक! जुना कागद लावायची नजर तीच, पेशवे दफ्तर गावातच आहे, आणि 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधताना मोडी वाचणाऱ्यांची किती गरज पडली ते बाबांनीही बातम्यांत पाहिलं असेलच. म्हणजे इंग्लंडचं लांबलं तरी हाताला काम राहील.

एम.ए. साठी इंग्लंडमधल्या यॉर्क आणि लीड्स या दोन्ही युनिव्हर्सिटी बघ, मध्ययुगीन अभ्यासाचे वेगळे विभाग आहेत. पण कर्ज काढून लगेच जाऊ नकोस, माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, ती दोन वर्षं आर्काइव्ह किंवा म्युझियममध्ये काम कर, म्हणजे अर्जात लिहायलाही काहीतरी ठोस येईल. एमपीएससीचं बाबांशी भांडू नकोस, फक्त पदवी होईपर्यंतचा वेळ माग, आणि लॅटिनचे पहिले धडे झाले की मला परत लिही, मग युनिव्हर्सिटीचा अर्ज आपण मिळून बघू.