माहितीपत्रकातले ‘देशभरातील विद्यार्थी’

प्रश्न : मुलीसाठी आम्ही एक खासगी विद्यापीठ पाहत आहोत. तेथे देशभरातील, सर्व स्तरांतील विद्यार्थी असल्याचे माहितीपत्रकात म्हटले आहे. याची खातरजमा कशी करावी?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : ते विद्यापीठ एनआयआरएफ या राष्ट्रीय मानांकनात सहभागी असेल, तर त्याने सादर केलेली माहिती त्याच्या संकेतस्थळावर पाहावी. विद्यार्थिसंख्येच्या तक्त्यात मुले-मुली, राज्यातील, परराज्यातील, परदेशी, आर्थिक व सामाजिक मागास असे रकाने असतात. आम्ही मात्र शेवटच्या रकान्यांवर बोट ठेवू : किती जणांचे संपूर्ण शिक्षणशुल्क शासनाने, संस्थेने किंवा खासगी देणगीदारांनी भरले आणि किती जणांना अशी संपूर्ण मदत मिळाली नाही, हे तेथे कळते, आणि गरीब घरातील मुलांना तेथे कितपत थारा आहे याचा अंदाज घोषणांपेक्षा त्यावरून अधिक येतो.

परराज्याचा आकडा जपून वाचावा. विद्यापीठ महाराष्ट्रातील असेल, तर सोलापूरपासून सुमारे १०० किलोमीटरवरील, पण कर्नाटकातील विजयपूरची मुलगी त्यात परराज्यातील ठरते आणि दूर गोंदियाचा मुलगा राज्यातीलच. सोलापूर शहराच्या पूर्व भागातील तेलुगू विणकर घराचे किंवा अक्कलकोटच्या कन्नड घराचे भाषिक वेगळेपण तर (सोलापूरकरांना हे सांगायला नकोच) कोणत्याच रकान्यात उमटत नाही.

आरक्षणाबाबत एवढेच, की राज्यघटनेच्या कलम १५(५) नुसार अल्पसंख्याक संस्था वगळता खासगी विनाअनुदानित संस्थांनाही ते कायद्याने लागू करता येते, पण आपोआप लागू होत नाही. म्हणून त्या विद्यापीठाच्या स्थापनेच्या अधिनियमातील प्रवेशविषयक कलम शुल्क भरण्यापूर्वी वाचावे.