वाचकांचे प्रश्न : शिह त्झूच्या केसांतील गाठी

प्रश्न : आमची शिह त्झू कुत्री ११ महिन्यांची आहे. रोज ब्रश फिरवूनही महिनाभरापासून तिच्या कानांमागे आणि काखेत केसांच्या गाठी होत आहेत. तिचे सगळे केस भादरावेत का?

उत्तर : घाई करू नका. साधारण या वयात पिल्लाचे मऊ केस जाऊन प्रौढ केस येतात आणि सुटलेला केस जमिनीवर न पडता दुपदरी, दाट केसांतच अडकतो, त्यामुळे हे काही महिने बहुतेकांना त्रासाचेच जातात. रोजचा ब्रश बहुधा वरवरच फिरत असावा. केसांचा एकेक थर हाताने वर धरून, त्वचा दिसेल अशी भांगाची रेघ पाडावी, हलके पाणी फवारावे आणि धातूचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न्यावा. तो जिथे अडेल तिथेच गाठ आहे. ती आधी बोटांनी सोडवावी, मगच आंघोळ घालावी, कारण भिजून वाळलेली गाठ अधिकच घट्ट होते. कात्री मात्र लावू नये. गाठीबरोबर त्वचाही वर ओढली जाते आणि कापली जाते. गाठी त्वचेलगत घट्ट बसल्या असतील, तर अनुभवी व्यक्तीकडून मशिनने तेवढाच भाग उतरवून घ्यावा. हार्नेस (फिरवताना छातीभोवती बांधायचा पट्टा) घरात काढून ठेवता ना? काखेतल्या गाठींचे मूळ पुष्कळदा त्याच्या पट्ट्यात असते.