कुंभारणीचं घर उघडून बघावं का?

बाल्कनीत ट्यूबलाइटच्या पट्टीमागे मातीचा गोळा आहे. मुलांना आतली अळी दाखवायची आहे. फोडू का? (इंदिरानगर)

फोडू नका, अख्खा सोडवा. काळी माशी, पिवळी लांबट कंबर आणि तोंडात ओल्या मातीची गोळी असेल तर ती कुंभारीण. ती घरट्याची राखण करत नाही. हाताने दाबली तरच डंख मारते. मात्र तिची ये-जा थांबून लेप वाळेपर्यंत थांबा. ओलं घरटं हाताळलं की चुरगळतं.

मग पुट्टीची पातळ पट्टी भिंतीलगत सरकवा. भिंतीकडची बाजू पातळ असते, त्यामुळे खोल्या तिथूनच उघड्या पडतात. त्यावर पारदर्शक फाइलचा तुकडा टेपने चिकटवला की झाली खिडकी. घरटं सावलीत ठेवा आणि मुंग्या चढू नयेत म्हणून खालच्या ताटलीत पाणी घाला.

प्रत्येक खोलीत कोळी कोंबलेले दिसतील. ते मेलेले नसतात, डंखाने लुळे पडलेले असतात. म्हणून तर सडत नाहीत. एकाच्या पोटावर पांढरं, किंचित वाकडं अंडं असतं. घरटं आपटलं तर ते सुटतं आणि खोली वाया जाते. दोन-तीन दिवसांत अळी निघते, कोळी संपवते आणि तपकिरी कोष विणते. उबदार दिवसांत अंड्यापासून माशीपर्यंत महिनाभर धरा.

डिसेंबरपासून कोष तसाच आहे. अळी मेली का? (निफाड)

तुमच्याकडच्या थंडीत अळी कोषातच थांबून राहते. दिव्याची ऊब देऊ नका आणि पाणी तर अजिबात शिंपडू नका, बुरशी येते. अळी मलईरंगी आणि टणटणीत असेल तर मार्चची वाट बघा. काळी पडून सुरकुतली असेल तर गेली.

कुंभारणीऐवजी चिलटाहून बारीक किडे निघाले, तेही डझनावारी! (पंचवटी)

हे परजीवी. त्यांची आई कोषात शिरून अळीवरच अंडी घालते. साध्या मलमलीतून ते सहज पार होतात, म्हणून लागण झालेली खोली लगेच पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाका, नाहीतर शेजारच्या खोल्याही जातील. एकच हिरवी-निळी, चकाकणारी माशी निघाली तर तीही आयतोबाच, पण देखणी. तिला सोडून द्या.

गांधीलमाश्यांचं कागदी पोळं असंच घरात आणता येईल? (गंगापूर रोड)

नाही. त्या पोळ्याची राखण करतात आणि एकच माशी अनेकदा डंख मारू शकते. लांबून दुर्बिणीने बघा: पांढरी टोपी घातलेल्या खोल्यांत कोष, उघड्या खोल्यांत अंडी किंवा अळ्या. डंखानंतर चेहरा सुजला किंवा धाप लागली तर १०८ ला फोन करा, घरगुती लेपात वेळ घालवू नका.