इंग्लंडमधले पेगन कुटुंब वसंतात घरी आणि बागेत नेमके काय करते?

तुम्ही लिहिले आहे की येत्या फेब्रुवारीत शिक्षणासाठी तुम्ही इंग्लंडला जात आहात, ज्यांच्या घरी खोली घेतली आहे ते कुटुंब स्वतःला ‘पेगन’ म्हणवते, घरामागे मोठी बाग आहे, आणि वसंतातल्या सणांत व बागकामात तुम्ही सहभागी झालात तर त्यांना आनंद होईल असे त्यांनी कळवले आहे. हे लोक नेमके काय करतात आणि आपला देवधर्म सांभाळून त्यात सामील होता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे. मी सॉमरसेट परगण्यात, ग्लास्टनबरीपासून जवळच असलेल्या एका खेड्यात, अशाच एका साठी ओलांडलेल्या जोडप्याच्या घरी चार वर्षे भाड्याने राहिले आहे. त्यांच्याबरोबर मी चार वसंत पाहिले. जे लिहिते आहे ते मुख्यतः त्या अनुभवावरून लिहिते आहे.

‘पेगन’ हे एका पंथाचे नाव नाही. ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या युरोपीय श्रद्धांपासून प्रेरणा घेणाऱ्या विक्का (चेटूकविद्येवर आधारलेला आधुनिक पंथ), ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणारे), हीदन (जर्मानिक देवतांना मानणारे) अशा अनेक वाटांना मिळून तो शब्द वापरतात, आणि कोणत्याही गटात न जाता आपापल्या घरी ऋतूंचे सण पाळणारेही पुष्कळ आहेत. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म ‘पेगन’ असा लिहिला, तर सुमारे १३,००० जणांनी ‘विक्का’ असा. माझ्या घरमालकीणबाई कोणत्याच गटात नव्हत्या आणि त्यांचे पती ड्रुइड होते. त्यांच्या घरात धर्म म्हणजे मुख्यतः चालू ऋतूकडे लक्ष ठेवणे आणि त्या लक्षाला शोभेल असे हाताने काहीतरी करणे. त्यामुळे पूजा कोठे संपते आणि बागकाम कोठे सुरू होते हे मला पहिले वर्षभर नीट कळत नव्हते, आणि पुढे ते शोधण्याची गरजही वाटेनाशी झाली.

त्यांच्या वर्षाला ते ‘वर्षचक्र’ म्हणतात आणि त्यात आठ सण असतात. वसंताशी संबंध असलेले तीन सण म्हणजे १ फेब्रुवारीच्या सुमाराचा इम्बोल्क, २० मार्चच्या आसपास दिवस आणि रात्र समान होतात तेव्हाचा ओस्टारा, आणि १ मेचा बेल्टेन. या सणांच्या वयाविषयी एक गोष्ट आधीच माहीत असावी. इम्बोल्क आणि बेल्टेन ही नावे जुन्या आयरिश परंपरेतली आहेत. ओस्टाराचा आधार मात्र फार बारीक आहे : आठव्या शतकातल्या बीड नावाच्या इंग्लिश ख्रिस्ती साधूने काळगणनेवरच्या आपल्या ग्रंथात ‘एओस्त्रे’ या देवीचा एका वाक्यात उल्लेख केला, आणि १८३५ मध्ये जर्मन भाषापंडित याकोब ग्रिमने त्यावरून जर्मन ‘ओस्टारा’ची कल्पना मांडली. आठ सणांचे आजचे चक्र तर १९५० च्या दशकात, विक्काचे जेराल्ड गार्डनर आणि ड्रुइडांचे रॉस निकल्स यांच्या वर्तुळात आकाराला आले. इंग्लंडमधला चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यानंतर ही माणसे उघडपणे बोलू-लिहू लागली होती. घरमालकीणबाईंना हे सगळे ठाऊक होते आणि त्या ते कधीही लपवीत नसत. सण नवा असला तरी दिवस आणि रात्र समान होण्याची घटना नवी नाही, असे त्या म्हणत. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो, आणि तुमच्या यजमानांशी याविषयी मोकळेपणाने बोलायला तुम्ही संकोचू नये.

तुम्ही पोहोचाल तेव्हा इम्बोल्कचे दिवस असतील. बाहेर अजून कडाक्याची थंडी असते, परंतु स्नोड्रॉपची पांढरी फुले कुंपणाच्या कडेला मान खाली घालून उभी असतात. या सणाला घराची झाडलोट होते, खिडक्या पुसल्या जातात, संध्याकाळी प्रत्येक खोलीत मेणबत्ती लावतात आणि ब्रिजिड या देवतेच्या नावाने लव्हाळ्यासारख्या गवताचा चार हातांचा क्रॉस विणून दारावर टांगतात. आयर्लंडमध्ये हीच ब्रिजिड संत म्हणूनही पूजली जाते, आणि तेथे २०२३ पासून तिच्या दिवसानिमित्त सार्वजनिक सुट्टीही मिळते. बागेत मात्र त्या दिवशी काही पेरायचे नसते. आम्ही फक्त हत्यारे काढून त्यांना तेल लावत असू आणि बियाण्यांच्या पाकिटांची छाननी करत असू. मला तेव्हा खंडेनवमीची आठवण होई.

घरात बैठकीच्या खोलीत, खिडकीच्या रुंद कट्ट्यावर, त्यांचा ‘ऑल्टर’ होता. तो देव्हाऱ्याइतका कायम स्वरूपाचा नसतो आणि ऋतूप्रमाणे त्यावरच्या वस्तू बदलतात : फेब्रुवारीत हेझलच्या लोंबत्या फुलोऱ्याची डहाळी, मार्चमध्ये बागेत सापडलेले पीस आणि रिकामे झालेले अंड्याचे कवच, त्याशिवाय पाण्याची वाटी, मेणबत्ती आणि मूठभर माती. पुष्कळ पेगन घरांत उत्तरेला पृथ्वी, पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी आणि पश्चिमेला जल अशी मांडणी करतात, आणि काही जण ‘चैतन्य’ हे पाचवे तत्त्व मानतात. पंचमहाभूतांच्या सवयीमुळे तुम्हाला ते परके वाटणार नाही. त्या कट्ट्यावरची वस्तू विचारल्याशिवाय उचलू नये, एवढेच पथ्य पुरते.

ओस्टाराला अंडी रंगवतात. कांद्याच्या कोरड्या साली पाण्यात उकळल्या की तांबूस तपकिरी रंग सुटतो. अंड्यावर एखादे नाजूक पान ठेवून वरून जुन्या पायमोज्याचा तलम तुकडा घट्ट बांधला आणि ते त्या पाण्यात उकळले, तर पानाची आकृती फिकी उमटते. अंडी खाल्ली जातात आणि टरफले चुरून खताच्या ढिगात जातात. त्या वर्षी पेरायच्या बिया आदल्या रात्री ऑल्टरवर ठेवल्या जात, सकाळी त्यांवरून हात फिरवून दोन शब्द बोलले जात, आणि मग टोमॅटो व मिरचीच्या बिया स्वयंपाकघराच्या उबदार खिडकीतल्या तबकांत पेरल्या जात. एकूण विधी पंधरा मिनिटांचा असे. मंत्र ठरलेले नसतात, त्यामुळे मी माझ्या पाळीला मनात अन्नपूर्णेचे स्मरण करी, आणि त्याला कोणी कधीही आक्षेप घेतला नाही.

बाहेरच्या वाफ्यांत पेरण्याची वेळ दिनदर्शिकेवरून ठरत नसे. बाई रोज सकाळी तळहात मातीवर टेकवून काही क्षण थांबत, आणि तण आपोआप उगवू लागले की माती जागी झाली असे समजत. हा अंदाज शास्त्राशीही जुळतो, कारण थंडी सोसणाऱ्या बऱ्याच भाज्यांच्या बियांना रुजण्यासाठी माती निदान सात अंश सेल्सिअसपर्यंत तरी तापावी लागते. चंद्राच्या कलेप्रमाणे पेरण्याची रीतही त्या पाळत : शुक्ल पक्षात पालेभाज्या आणि शेंगा, कृष्ण पक्षात बटाटे आणि गाजरे. उत्पन्नात त्याने फरक पडलेला मला चार वर्षांत दिसला नाही, आणि हे मी त्यांना सांगितलेही होते. त्यांचे उत्तर असे की चंद्र पाहण्यासाठी रोज रात्री बाहेर पडावे लागते, आणि रात्री बाहेर पडणाऱ्यालाच गोगलगायी सापडतात. ते मात्र खरे होते. गोगलगायी मारण्याचे मेटाल्डिहाइडचे खडे ब्रिटनमध्ये २०२२ च्या वसंतापासून बागेत वापरण्यास बंदी आहे, पण त्या घरात ते त्यापूर्वीही कधी आले नव्हते. आम्ही विजेरी घेऊन त्या वेचत असू आणि बाकीचे काम तळ्यातल्या बेडकांवर सोपवत असू.

या लोकांच्या श्रद्धेचा खरा कस मला मातीच्या पिशवीवर दिसला. बाजारात मिळणाऱ्या कुंडीच्या मिश्रणात वर्षानुवर्षे ‘पीट’ घातले जात आले आहे. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेली, पूर्ण न कुजलेली वनस्पती. तिचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे एक मीटर पीट खणून काढले तर हजार वर्षांची साठवण संपते आणि तिच्यातला कार्बन हवेत जातो. सॉमरसेटच्या सखल पट्ट्यात हे खणकाम पिढ्यान्‌पिढ्या चालले. तेथेच १९७० मध्ये पीट खणताना ‘स्वीट ट्रॅक’ ही लाकडी पायवाट सापडली. तिच्या लाकडांतील वलयांवरून ती इसवी सनापूर्वी ३८०७-३८०६ च्या हिवाळ्यात बांधली गेली असे निश्चित करता आले, आणि एवढा काळ ती टिकली ती केवळ ओल्या पीटमुळे. घरमालक मला ती जागा दाखवायला घेऊन गेले होते. पूर्वजांची वाट ज्या मातीने सांभाळली ती माती मी पेटुनियाच्या कुंडीत घालणार नाही, असे ते तेथे उभे राहून म्हणाले. तुमच्या यजमानांसाठी कधी कुंडी किंवा रोप घेऊन जाणार असाल, तर पिशवीवर ‘पीट-फ्री’ लिहिले आहे हे पाहून घ्या.

मार्चपासून ऑगस्टपर्यंत कुंपणाची झाडी छाटत नाहीत, कारण तिच्यात पक्ष्यांची घरटी असतात. वापरात असलेले घरटे जाणूनबुजून मोडणे हा १९८१ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे. एल्डरच्या झाडाची फांदी तोडण्यापूर्वी त्यात राहते असे मानलेल्या ‘एल्डर माते’ची परवानगी मागतात. आपल्याकडे सूर्यास्तानंतर किंवा द्वादशीला तुळस खुडत नाहीत, तो संस्कार असलेल्या माणसाला ही परवानगी मागणे सहज जमते.

फुलांविषयीचा एक संकेत मात्र मला चुकीतून कळला. २०१९ मध्ये ६ एप्रिलला गुढीपाडवा होता. कडुनिंब मिळणे शक्य नव्हते, म्हणून मी पहाटे कुंपणावरून ब्लॅकथॉर्नची पांढऱ्या फुलांनी डवरलेली डहाळी तोडून स्वयंपाकघरात आणली. बाईंनी ती पाहताच हातातली किटली खाली ठेवली. ब्लॅकथॉर्न आणि हॉथॉर्न या दोन्हींची फुले घरात आणणे तेथे जुन्या काळापासून अशुभ मानतात. हॉथॉर्नच्या बाबतीत त्याला एक कारणही सांगता येते : त्याच्या फुलांत ट्रायमिथाइलअमाइन असते, आणि तोच पदार्थ मृत शरीर कुजू लागताना तयार होतो. ब्लॅकथॉर्नचा काटा लागला तर जखम चिघळते, हे माझ्या बोटाला पुढच्या आठवड्यात समजले. त्यांनी मला रागावण्याऐवजी गुढीविषयी सगळे विचारून घेतले. गुढी तशीही घराबाहेरच उभारायची असते हे कळल्यावर त्यांनी स्वतः विलोची, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या भाऊबंदाची, मऊ फुलोऱ्याची डहाळी आणून दिली. कडुनिंबाच्या कडू पानांसाठी काय करावे असा मला प्रश्न होता, तेव्हा त्या बागेतून डँडेलियनची कोवळी पाने घेऊन आल्या. हिवाळा संपताच शरीर शुद्ध करणारे कडू म्हणून तेथेही तीच पाने खाण्याची जुनी रीत आहे. ती पाने आणि गूळ असा प्रसाद आम्ही तिघांनी खाल्ला, आणि मी तेथे असेपर्यंत पुढची वर्षेही तो त्या घरात झाला.

हॉथॉर्नला तेथे ‘मे’ असेच म्हणतात, आणि तो फुलला की बेल्टेन आला असे मानतात. १७५२ मध्ये ब्रिटनने दिनदर्शिका बदलून अकरा दिवस वगळले, त्यामुळे पूर्वीचा १ मे आजच्या मेच्या मध्याकडे पडे आणि तेव्हा हॉथॉर्न हमखास बहरलेला असे. म्हणून काही जण तारखेऐवजी फुलाची वाट पाहतात. आमच्या घरी ती डहाळी दाराबाहेर बांधली जाई, सूर्योदयापूर्वी गवतावरच्या दवाने तोंड धुतले जाई, आणि संध्याकाळी बागेत लहानशी आग पेटवून तिच्यावरून उडी मारली जाई. एडिंबराच्या कॅल्टन टेकडीवर १९८८ पासून ३० एप्रिलच्या रात्री बेल्टेनचा मोठा अग्निउत्सव होतो, परंतु घरातला सण शांत असतो. शेवटी मधापासून केलेल्या ‘मीड’ या मद्याचा पहिला घोट जमिनीवर ओततात, चित्राहुतीसारखा. तुम्हाला मद्य चालत नसेल तर सरळ सांगा. मी दूध ओतत असे.

रानलसणाच्या पानांची वसंतात सगळीकडे चटणी करतात, ती तुम्हीही कराल, पण पहिल्या वर्षी एकट्याने पाने खुडू नका. लिली ऑफ द व्हॅली आणि लॉर्ड्‌स-अँड-लेडीज ही विषारी पाने त्यांच्याच शेजारी उगवतात आणि कोवळी असताना फार सारखी दिसतात. चुरगळल्यावर लसणाचा वास येतो का, ही कसोटी पहिल्या दोन-तीन पानांपुरतीच खरी, कारण नंतर वास बोटांनाच लागलेला असतो.

सामानात पेरण्यासाठीचे बियाणे घालू नका. भारतातून तेथे न्यायला वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. तेथल्या भारतीय किराणा दुकानातले साधे मेथीदाणे चांगले उगवतात. पोहोचल्यावर यजमानांकडे एक हात रुंदीचा वाफा मागा, आणि एप्रिलच्या मध्याला ते दाणे रात्रभर भिजवून पेरा. मेच्या अखेरीस भाजी खुडायला येते, आणि ती कशी करायची हे तुमचे यजमान तुम्हाला नक्की विचारतील.