तबकड्यांचं कपाट, तबकड्यांची वही

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं घरातल्या जुन्या रेकॉर्डबद्दल आहेत. प्रश्न थोडक्यात देऊन खाली उत्तरं देत आहोत.

वडिलांच्या मागे सुमारे ४०० रेकॉर्ड राहिल्या. अडीचशे एलपी (बऱ्याच गाण्यांच्या मोठ्या तबकड्या), तीसेक ईपी (मोजक्या गाण्यांच्या छोट्या), बाकी ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या, लाखेच्या). नाट्यसंगीत, भावगीतं, अभंग, शास्त्रीय, हिंदी सिनेमा असे गठ्ठे केले, पण दोन महिन्यांत सगळं मिसळलं. हवी ती रेकॉर्ड सापडत नाही. कशा लावाव्यात?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

गठ्ठे मोडणारच होते. एका एलपीवर दोन अभंग, तीन भावगीतं आणि एक नाट्यपद असेल तर ती ठेवायची कुठे? आज एका गठ्ठ्यात जाते, उद्या दुसऱ्या. कपाटाला एकच क्रम देता येतो, वहीला हवे तेवढे देता येतात. म्हणून कपाटातला क्रम साधा आणि कायमचा ठेवा आणि शोधायचं काम वहीवर सोपवा.

सगळ्यात आधी आकार वेगळे करा. सात इंची ईपी, दहा इंची ७८, बारा इंची ७८ आणि एलपी, असे चार कप्पे. बारा इंचीच्या शेजारी दहा इंची उभी केली की मोठीच्या वरच्या भागाला आधार राहत नाही आणि ती हळूहळू वाकते. ईपी तर मोठ्या कव्हरांमध्ये हरवूनच जाते.

७८च्या तबकड्या विषयवार लावूच नका. त्यांची पाकिटं बहुतेक सारखीच खाकी, मधे भोक असलेली. कडेवर काही लिहिलेलं नसतं, त्यामुळे नजरेनं शोधता येत नाही. त्यांना सरळ हातात येतील तसे क्रमांक द्या: द-००१, द-००२. बारा इंचीला ब, ईपीला छ.

एलपीचं वेगळं आहे. एलपीची कव्हरं चाळत बसण्यातही आनंद असतो आणि तो घालवू नये. त्यांचे चारच विभाग करा: शास्त्रीय, मराठी, हिंदी सिनेमा, इतर. यापेक्षा जास्त केलेत की सीमेवरच्या रेकॉर्ड वाढतात. मिश्र एलपीसाठी एक नियम ठरवून टाका: पहिल्या बाजूचं पहिलं गाणं ज्या विभागातलं, तो तिचा विभाग. विभागाच्या आत पुन्हा क्रमांकच. नवी आली की शेवटी जाते, मधे घुसवायची नाही. दर वीस रेकॉर्डमागे जाड पुठ्ठ्याचा एक दुभाजक घाला, तो कव्हरपेक्षा दोन सेंटीमीटर उंच कापा आणि वर क्रमांक लिहा.

रेकॉर्डचा क्रमांक आतल्या कागदी पाकिटाच्या कोपऱ्यात टूबी पेन्सिलीनं, पाकीट रिकामं असताना लिहा. रेकॉर्ड आत असताना बॉलपेन दाबून लिहिलं तर खाचांवर दाब जातो. लेबलवर काहीही लिहू नका. कव्हरवर स्टिकर किंवा चिकटपट्टी तर नकोच: गोंद पिवळा पडतो आणि काढताना छपाईचा थर सोबत घेऊन येतो.

आता वही. रकाने असे: क्रमांक, कंपनी, लेबलवरचा कॅटलॉग क्रमांक, गायक किंवा वादक, गाण्याचे सुरुवातीचे शब्द, राग, नाटक किंवा चित्रपट, संगीतकार, स्थिती. ७८च्या प्रत्येक बाजूला स्वतंत्र ओळ द्या. सिनेमाच्या एलपीला चित्रपटाचं नाव पुरतं, पण निवडक गाण्यांच्या एलपीवरचं प्रत्येक गाणं उतरवा, कारण नेमकं तेच शोधायला जीव जातो. कॅटलॉग क्रमांक छापलेल्या अक्षरांसकट घ्या. एचएमव्हीच्या भारतीय एलपींवर ईएएलपी आणि ईसीएलपी या मोनो, ईएएसडी आणि ईसीएसडी या स्टिरिओ. दोन सारख्या दिसणाऱ्या प्रतींतला फरक तिथेच कळतो.

संगणकावर यादी करणार असाल तर क्रमांक तीन अंकीच लिहा. नुसतं १, २, १० लिहिलंत तर यादी १, १०, १००, २ अशी लागू शकते. देवनागरी आणि इंग्रजी आकडे मिसळू नका, क्रम बिघडतो. एका बैठकीत पंचवीस रेकॉर्ड नीट होतात. म्हणजे तुमच्या संग्रहाला सोळा बैठका. घाईत पन्नास उरकल्या की चुका वहीत शिरतात आणि मग वहीवरचा विश्वासच उडतो.

नाट्यपदांच्या ७८ रेकॉर्डची यादी करते आहे. एका बाजूला एक नाटक, दुसरीकडे दुसरं. नावं आडनावानं लावावीत की पहिल्या नावानं? ‘मास्टर’, ‘पंडित’, ‘खाँसाहेब’ यांचं काय करावं?
— एक वाचक, वाई

पहिल्या नावानं लावा. आपल्याकडे ऐकणारा माणूस ‘भीमसेन’, ‘किशोरी’, ‘कुमार’ असंच शोधतो. ‘जोशी’ म्हणून कोणी रेकॉर्ड काढायला जात नाही. उपाध्या क्रमात धरू नका, त्यांना वेगळा रकाना द्या. मास्टर कृष्णराव ‘क’मध्ये, अब्दुल करीम खाँ ‘अ’मध्ये. बालगंधर्व मात्र ‘ब’मध्येच, कारण ती उपाधी राहिली नाही, तेच नाव झालं.

लेखन एकच ठेवा. ‘हिराबाई’ आणि ‘हीराबाई’ संगणकाला दोन बाया वाटतात. ‘खाँ’, ‘खान’, ‘खां’ यांतलं एक निवडा आणि यादीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जुन्या लेबलांवर नावं बहुतेक रोमनमध्ये आणि मनमानी स्पेलिंगनं आहेत. मूळ छपाई शेरा म्हणून घ्या, क्रमासाठी आपलं मराठी रूप.

दोन बाजूंना दोन नाटकं असली तरी तबकडी एकच, क्रमांक एकच, ओळी दोन. नाटकाच्या नावानं यादी लावली की ‘मानापमान’ची पदं कोणकोण गायलं ते एकाखाली एक दिसतं, गायकाच्या नावानं लावली की दुसरंच चित्र. तबकडी जागची हलत नाही. लेबल फाटलेलं असेल तर खाच संपते तिथपासून लेबलपर्यंतच्या गुळगुळीत पट्टीत आकडे कोरलेले किंवा दाबलेले सापडतात. उजेड आडवा पाडून भिंगानं वाचा. तो मॅट्रिक्स क्रमांक प्रत्येक बाजूचा वेगळा असतो.

सुताराकडून कपाट करून घ्यायचं आहे. मापं द्याल का?
— एक वाचक, कराड

एलपीचं कव्हर साडेएकतीस सेंटीमीटरचं असतं. खणाची आतली उंची ३५, खोली ३३, रुंदी ३५ ते ४० सेंटीमीटर घ्या. दहा इंची ७८ला उंची २९, ईपीला २१ पुरते. सुतार हमखास तीन फुटी फळी सुचवतो, कारण खण कमी होतात आणि काम लवकर उरकतं. ते ऐकू नका. एक फूट जागेत साधारण ८० एलपी मावतात आणि वजन वीस किलोच्या आसपास जातं. लाखेच्या ७८ त्याहून जड. तीन फुटी फळीवर साठ किलो आले की ती मधे झोल खाते, आणि सगळ्या रेकॉर्ड त्या झोलाकडे कलतात. उभ्या फळ्या खालपासून वरपर्यंत सलग असू द्या.

१९ मिलिमीटरचा, पाण्यात न सुटणारा बीडब्ल्यूपी प्लाय वापरा. पार्टिकल बोर्ड पावसाळ्यात फुगतो आणि स्क्रू सोडतो. पाठ भिंतीपासून दोन इंच सुटी, तळ जमिनीपासून सहा इंच वर. वाळवी चढली तर दिसली पाहिजे. पश्चिमेच्या भिंतीला कपाट नको, एप्रिल-मेमध्ये ती भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते. प्रत्येक खणात चार बोटं जागा मोकळी ठेवा. ठासून भरलं की काढताना कव्हरं फाटतात. फार सैल ठेवलं की रेकॉर्ड तिरक्या राहून वाकतात.

पाचगणीच्या घरात दर पावसाळ्यानंतर कव्हरांवर आणि रेकॉर्डवर पांढरी बुरशी येते.
— एक वाचक, पाचगणी

बुरशीला कागद, धूळ आणि बोटांचं तेल लागतं. प्लॅस्टिक ती खात नाही, पण खाचांत बसते आणि सुईखाली खरखरते. कव्हरं कोरड्या दिवशी, घराबाहेर, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशनं झाडा. उन्हात ठेवू नका, एलपी वाकते.

एलपी धुवायला डिस्टिल्ड वॉटर आणि लिटरला दोन-चार थेंब बिनवासाचं सौम्य साबण द्रव. मऊ ब्रश खाचांच्या दिशेनं गोल फिरवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा धुऊन सावलीत उभी वाळवा. नळाचं पाणी वाळलं की क्षार मागे राहतात. लाखेच्या ७८ला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पॉलिश करताना सुतार तेच तर करतो. एका पुसण्यात खाचा पुसट होतात आणि परत येत नाहीत.

धुतलेली रेकॉर्ड जुन्या पाकिटात परत घालू नका, नवं पाकीट घ्या. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पिशवी नको. ती वर्षानुवर्षं चिकटून राहिली की एलपीवर धुरकट डाग पडतो. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र कपाटात ठेवा. ते ४५ ते ५५ टक्क्यांच्या बरंच वर राहत असेल तर खोलीसाठी डीह्युमिडिफायर हवा. सिलिका जेल बंद डब्यातच उपयोगी. उघड्या कपाटात ते दोन दिवसांत पाणी पिऊन बसतं.

आमचं घर गावभागात आहे. २०१९मध्ये खालचा मजला बुडाला. पुन्हा पाणी आलं तर रेकॉर्डचं काय करावं?
— एक वाचक, सांगली

तयारी जूनमध्येच करा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे; २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. शक्य असेल तर संग्रह कायमचा माडीवर न्या. नसेल तर भाजीचे प्लॅस्टिकचे क्रेट आणून ठेवा. एका क्रेटमध्ये उभ्या साठ-सत्तर एलपीच भरा आणि उरलेल्या जागेत घोंगडी घट्ट कोंबा. पूर्ण भरलेला क्रेट जिना चढताना हातातून सुटतो. कोणता खण आधी न्यायचा ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लाखेच्या ७८ सगळ्यात आधी, कारण त्या फुटतात आणि सहसा पुन्हा मिळत नाहीत. वहीचे फोटो दुसऱ्या गावच्या नातेवाइकाच्या फोनवर असू द्या.

भिजल्याच तर चिखल वाळू देऊ नका. वाळलेला गाळ खाचांत सिमेंटसारखा बसतो. कव्हरांचे फोटो काढा, मग रेकॉर्ड बाहेर घ्या. लगेच धुणं जमत नसेल तर एलपी स्वच्छ पाण्यात ओल्याच ठेवा. ७८ पाण्यात ठेवायच्या नाहीत. लेबल वाचवत झटपट धुवा आणि सुती कापडानं लगेच टिपा. कव्हरं उघडून, मधे कोरा कागद घालून, पंख्याखाली वाळवा आणि कागद दर दोन-तीन तासांनी बदला. पाकिटावरचा पेन्सिलीचा क्रमांक पाण्यानं जात नाही, शाईचा जातो. पाकीटच फाटलं तर लेबल पाहून वहीतून क्रमांक पुन्हा लावता येतो.

घरी चावीचा ग्रामोफोन आणि एक नवा टर्नटेबल आहे. नातवंडं कुठलीही रेकॉर्ड कशावरही लावतात. चालतं का?
— एक वाचक, मिरज

नाही. चावीच्या ग्रामोफोनवर फक्त लाखेच्या ७८, आणि प्रत्येक बाजूला नवी पोलादी पिन. त्याच्या जड साउंडबॉक्सखाली (पिन बसते तो गोल भाग) एलपी एकदाच वाजवली तरी खाचा खरवडल्या जातात. उलट एलपीची बारीक सुई ७८च्या रुंद खाचेत तळाला घासत जाते: आवाज पातळ येतो आणि खरखर वाढते. टर्नटेबलवर ७८ वाजवायला ७८चा वेग आणि सुमारे तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी सुई, दोन्ही हवं. वहीत ‘यंत्र’ असा एक रकाना वाढवा, आणि द व ब क्रमांकांच्या खणावर ग्रामोफोनचं चित्र काढून लावा; लहान मुलं अक्षरापेक्षा चित्र आधी पाहतात.